पिएदादचं आमेन

सिप्रियानने कबरीवरची चादर ओढली आणि पिएदादच्या हातातली झेंडूची परडी खाली पडली.

नोव्हेंबरची दोन तारीख होती, मेलेल्यांचा दिवस. चर्चमागच्या सिमितेरीत आमचा सगळा वाडा, गावाची ही अख्खी वस्ती, जमला होता. आदल्या दिवशीच बायकांनी कबरी घासूनपुसून ठेवल्या होत्या. कोणी चुना मारला होता, कोणी मातीच्या ढिगावर फुलांचा क्रूस मांडला होता. दर वर्षी पिएदादही हे सगळं स्वतः करायची. दुसऱ्याच्या हातून झालेलं काम तिला झालंसं वाटतच नसे. या वर्षी मात्र तिचा दीर सिप्रियान कुवेतहून सुट्टीवर आला होता आणि त्याने बजावलं होतं, "कुन्याद, यंदा तू झाडूला हात लावायचा नाहीस. लिगोरची कबर माझ्यावर सोड. तू नुसती फुलं घेऊन ये." थोरल्या भावाच्या, म्हणजे लिगोरच्या, बायकोला तो कुन्यादच म्हणे.

चादरीखाली काळाभोर दगड होता, आरशासारखा घोटलेला. वर सोनेरी क्रूस. क्रुसाखाली लिगोर कुलासो, जन्माची तारीख, मृत्यूची तारीख. आणि त्याच्याखाली, तेवढ्याच मोठ्या, तशाच सोनेरी अक्षरांत पिएदाद कुलासो. जन्माची तारीख, एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे कोरा दगड.

पिएदादने वाचलं. परत वाचलं. उन्हाने डोळ्यांपुढे काहीबाही दिसत असेल म्हणून तिने डोळे मिटून उघडले. अक्षरं जागची हलली नाहीत. उलट त्या घोटीव दगडात तिला स्वतःचा चेहरा दिसला, काळा, तोंड उघडं पडलेला, आणि त्याच्या बरोबर गळ्याशी तिचं नाव.

"आवडलं?" सिप्रियान म्हणाला. तो खुशीत होता. नवा शर्ट घालून आला होता.

पलीकडच्या कबरीवर मेणबत्त्या लावत बसलेली शेजारीण सांतान उठून आली. तिने दगड वाचला आणि छातीवर क्रुसाची खूण केली.

"सिप्रू, मेल्या, बाई जिवंत आहे!"

"जिवंत आहे ते दिसतंय मला. म्हणून तर पुढची जागा कोरी सोडली."

"अरे, पण नाव?"

"नाव काय बदलणार आहे? दगड मडगावहून आणायचा, कारागिराची मनधरणी करायची, चार माणसं लावून बसवायचा. पुढे परत कोण उपटणार हा दगड? मी तिकडे कुवेतला. फ्लाविया जहाजावर. कुन्यादचं कोण करणार तेव्हा? म्हटलं, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. फक्त तारीख घालायची राहील."

सांतानने दगडाकडे अजून थोडं वाकून पाहिलं. मग तिचा आवाज बदलला.

"अगे पिएदाद, तू माझ्याहून मोठी? आणि मी इतकी वर्षं तुला धाकटी म्हणून सांभाळून घेतलं!"

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. पिएदादची मुलगी फ्लाविया खाली सांडलेली फुलं गोळा करत होती. तिने काकाकडे असं पाहिलं की सिप्रियानचा चेहरा उतरायला लागला. पण पिएदादचं लक्ष यातल्या कशाकडेच नव्हतं. तिच्या कानात एकच वाक्य अडकून राहिलं होतं. फ्लाविया जहाजावर.

हे दुसऱ्या कोणी उच्चारलं तरी पिएदाद तिथून उठून जाई. आज तर ते तिच्याच कबरीपाशी उभं राहून, झालेल्या गोष्टीसारखं बोललं गेलं होतं.

फ्लाविया तिची एकुलती एक. पाव आणि केक करण्यात हात असा की तिला मोठ्या प्रवासी जहाजाच्या बेकरीत नोकरी लागली होती. शनिवारी दाबोळीहून विमान, मग बार्सिलोना, मग समुद्र. पेटी भरून झाली होती. डॉक्टरचे कागद आले होते. राहिलं होतं एकच. आईने बेसांव दिलं नव्हतं.

आमच्याकडे घरातून लांब जाणारं मूल हात जोडून आईसमोर उभं राहतं, बेसांव मागतं, आणि आई त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढून त्याला देवाच्या स्वाधीन करते. त्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. कुवेतला जाणारा नाही की आफ्रिकेला जाणारा नाही. पिएदादने मुलीला नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. फ्लाविया हात जोडून समोर आली की तिला काहीतरी आठवे. गॅसवर दूध आहे, विहिरीपाशी बादली राहिली, कोंबडीने आवाज दिला वाटतं. आणि ती निघून जाई. बेसांव दिलं नाही तोवर मूल तिच्या हातात होतं. दिलं की सुटलं.

पिएदाद जन्मापासून अशी नव्हती. लग्न होऊन कुलासोंच्या घरात आली तेव्हा नाचात पुढे असायची, म्हणतात. पण लिगोर जहाजावर आचारी होता. वर्षातले बरेच महिने समुद्रावर. काळजी करणं हेच मग तिचं घरकाम झालं. सकाळी उठल्यापासून ती देवाशी बोलायची, पण ते बोलणं नव्या गड्याला काम समजावून सांगितल्यासारखं असे. "हे प्रभो, जहाज आज एडन सोडतंय. डाव्या अंगाला खडक आहेत. लिगोरला रात्रपाळी देऊ नकोस, त्याचा गुडघा दुखतो." मेणबत्ती लावून झाली की ती थोडा वेळ तिथेच थांबे, देव कामाला लागला का ते पाहत असल्यासारखी.

गंमत अशी की समुद्राने लिगोरचं काही वाकडं केलं नाही. तो धडधाकट परत आला, निवृत्त झाला, घराच्या बाल्कांवात, पुढच्या उघड्या ओसरीत, वेताच्या आरामखुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करू लागला. हळूहळू पिएदादही सैल झाली. दुपारी जेवण आवरलं की आमच्याकडे सगळा गाव झोपतो, दुकानंसुद्धा झोपतात. तीही झोपू लागली. आणि तीन वर्षांपूर्वी अशीच एका दुपारी ती आत गाढ झोपली असताना लिगोर बाहेर खुर्चीत बसल्या बसल्या गेला. हाक नाही, कण्हणं नाही. ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा त्याच्या मांडीवर मांजर बसलं होतं.

त्या दिवशी पिएदादच्या मनाने एक हिशेब मांडला, आणि तो कोणाला कधी सांगितला नाही. मी जागी होते तोवर तो वाचला. मी डोळा लावला आणि तो गेला. तेव्हापासून ती दुपारी झोपली नाही. सगळा वाडा गुडूप झाला की ती एकटी स्वयंपाकघराच्या दारात ताठ बसून माळ ओढत राही. बाल्कांवातल्या त्या खुर्चीत कोणाला बसू देत नसे, आणि स्वतः तर तिच्याकडे बघतही नसे.

तर सिमितेरीत असं सगळे अवघडून उभे असताना फादर बेंतो आला.

तो गेल्याच महिन्यात आमच्या चर्चमध्ये बदलून आला होता. तरुण, शिडशिडीत, सदा घाईत. आधीचा म्हातारा फादर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीर्थ शिंपडत जायचा आणि सगळ्यांची मिळून एकच प्रार्थना म्हणायचा. फादर बेंतोला ते पटलं नाही. प्रत्येक कबरीपाशी थांबायचं, दगडावरची नावं मोठ्याने वाचायची आणि त्या नावांसाठी प्रार्थना करायची, असं त्याने ठरवलं होतं. लोकांना आवडलं होतं ते. आपल्या माणसाचं नाव मोठ्याने ऐकलं की बायका डोळ्याला पदर लावत होत्या, झगेवाल्या रुमाल लावत होत्या.

तो कुलासोंच्या कबरीपाशी आला. सिप्रियान काहीतरी सांगायला पुढे सरसावला, पण फादरने डोळे मिटायची खूण केली. सगळ्यांनी सवयीने माना खाली घातल्या. पिएदादनेही घातली. फादरने दगडाकडे पाहिलं, सोनेरी अक्षरं उन्हात लखलखत होती, वाचायला अगदी सोपी.

"हे दयाळू पित्या," तो खणखणीत आवाजात म्हणाला, "तुझा सेवक लिगोर आणि तुझी सेविका पिएदाद यांनी या जगात पुष्कळ कष्ट उपसले. आता त्यांचा भार तू उतरवून घे. त्यांना तुझ्यापाशी विसावा दे."

"आमेन," पिएदाद म्हणाली.

तिचा एकटीचाच आवाज आला. 

फादरने तीर्थ शिंपडलं. काही थेंब दगडावर पडले, काही पिएदादच्या चपलांवर. तो पुढच्या कबरीकडे वळला आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्याच्यामागे कोणी येत नाहीये. सगळे पुतळ्यासारखे एका बाईकडे बघत उभे होते.

"काय झालं?"

"फादर," सांतान म्हणाली, "पिएदाद ती नव्हे. पिएदाद ही."

फादर बेंतोने दगडाकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, परत दगडाकडे पाहिलं. त्याच्या हातातलं तीर्थाचं भांडं कलंडलं आणि त्याच्या पांढऱ्या झग्यावरून पाणी ओघळलं. असा पांढराफटक पडलेला पाद्री आमच्या वाड्याने कधी पाहिला नव्हता.

पिएदाद वळली आणि सिमितेरीच्या फाटकातून बाहेर पडली. फुलं तशीच राहिली.

घरी पोचल्यावर भडका उडाला तो फ्लाविया आणि सिप्रियानमध्ये.

"तीती, तुला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही?" फ्लाविया काकाला म्हणाली.

"विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती का?"

"नसती म्हणाली!"

"मग? विचारून काय फायदा?"

"पांढऱ्या अक्षरांत तरी लिहायचं होतंस. सोनेरी! दुरून वाचता येतं!"

"अगे, मेलेल्या माणसाला स्वस्तातलं कशाला?" सिप्रियान म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून त्याने कान धरले. "कुन्याद, माफ कर. उद्याच कारागीर बोलावतो. तुझी ओळ घासून काढू. थोडा डाग राहील दगडावर, त्याला इलाज नाही."

पिएदाद ओट्यापाशी उभी राहून कांदा चिरत होती. जेवण केव्हाच शिजून झालं होतं, कांदा कशालाच लागत नव्हता, तरी चिरत होती.

"जेवून घ्या," ती म्हणाली.

कोणाला जेवण गेलं नाही. पेज आणि सुक्या सुंगटांचं किसमूर, कोळंबीची ती कोशिंबीर, तसंच ताटात राहिलं. फ्लावियाला जहाजासाठी काळे बूट घ्यायचे होते, मडगावची मोठी दुकानं दुपारीही उघडी असतात, आणि आज नाही घेतले तर मग वेळच नव्हता. आईला अशा अवस्थेत सोडून जाऊ की नको, असं तिचं चाललं होतं. सिप्रियान कानकोंडा होऊन म्हणाला, "चल, मी सोडतो मडगावला. इथे बसलो तर माझ्या तोंडून अजून काही निघायचं." जाताना फ्लाविया दारात थांबली. तिचे हात आपोआप जोडले जाऊ लागले होते. पिएदाद लगेच म्हणाली, "कांदा जळतोय वाटतं," आणि आत गेली. कांदा अजून गॅसवर चढलाच नव्हता.

गाडीचा आवाज लांब गेला. वाडा झोपायला लागला. पिएदाद नेहमीप्रमाणे माळ घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसली. रस्त्यावरचे ट्रक, सिप्रियानचं बेफाम गाडी चालवणं, मडगावच्या पुलाचं वळण, सगळं देवाला सांगायला तिने तोंड उघडलं. पण शब्दच फुटेना. जिचं नाव कबरीवर आहे तिने वळणाची काळजी कुठून करायची? तिला विचित्र वाटलं. घाबरल्यासारखंही आणि आपण कुठल्यातरी कामावरून कमी झाल्यासारखंही.

तेवढ्यात फाटक वाजलं. झोपेच्या वेळी आमच्याकडे कोणी कोणाचं फाटक वाजवत नाही. तिचा जीव उडाला. अपघात! ती धावत बाहेर आली तर फादर बेंतो उभा. सायकलवरून आला होता आणि घामाने निथळत होता.

"आंटी, मी माफी मागायला आलो."

"आत या, फादर."

"आत नको. आधी माफी." तो पायरीवरच उभा राहिला. "माझं चुकलं. तारीख बघायला हवी होती. मी नावं वाचत गेलो."

"तुमची चूक नाही. दगडावर जे होतं ते वाचलंत." तिने त्याला बाल्कांवातल्या बाकावर बसवलं, पाणी दिलं, बशीत बोलिन्हांचे, नारळाच्या बिस्किटांचे, दोन तुकडे ठेवले. मग तिने सकाळपासून मनात असलेला प्रश्न विचारला. "फादर, ती प्रार्थना आता परत घेता येते का?"

"म्हणजे?"

"तुम्ही देवाला सांगितलंत, पिएदादचा भार उतरव, तिला विसावा दे. त्याने ऐकलं असेल. आता तो काय करेल? मला उचलेल?"

फादर बेंतोने बोलिन्हा हातात तसंच धरून ठेवलं. "सेमिनरीत हे शिकवलं नाही, आंटी," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण देव माझ्यासारखा घाईत नसावा. कोण जिवंत आहे ते त्याला दगड न वाचता कळत असेल. मी मागितलं त्यातलं जिवंत माणसाला देता येण्यासारखं तो आत्ता देईल, बाकीचं ठेवून देईल."

"जिवंत माणसाला देता येण्यासारखं काय होतं त्यात?"

"भार उतरवून घे म्हणालो होतो." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "पण मला सकाळपासून एक कळत नाहीये. तुम्ही आमेन का म्हणालात? सगळे गप्प होते. तुम्हाला तर दगडावर काय आहे ते ठाऊक होतं."

पिएदादने बशी त्याच्यापुढे सरकवली. "सवय," ती म्हणाली.

"सवय चांगली आहे," फादर म्हणाला, पाणी प्यायला, परत एकदा माफी मागितली आणि सायकलवर टांग टाकून गेला. बोलिन्हाचा एक तुकडा तो बाकावरच विसरला.

पिएदाद तिथेच उभी राहिली. सवय म्हणून सांगितलं खरं, पण ते खरं नव्हतं. आमेनची तिला सवयच नव्हती. तिच्या प्रार्थना संपतच नसत. एक काळजी सांगून होते तोवर दुसरी उभी राही, दुसरीचं सांगून होते तोवर पहिलीत काहीतरी राहिलेलं आठवे. आमेनपर्यंत ती पोचायचीच नाही, आणि पोचली तरी मागे वळून बघायची. आज किती तरी वर्षांनी तिने दुसऱ्याने मागितलेल्या गोष्टीला, काहीही न तपासता, काहीही न जोडता आमेन म्हटलं होतं. आणि मागितलं काय होतं? तिच्यासाठी विसावा. लिगोरसाठी तिने तो मागितला होता. सासूसाठी, आईबापांसाठी. स्वतःसाठी मागावा हे तिला कधी सुचलं नव्हतं. तिच्यासाठी तो मागायला एका अनोळखी पोराला ती मेली आहे असं वाटावं लागलं.

जवळ जे होतं त्यावर ती बसली. बसल्यावर तिला कळलं की ती लिगोरच्या खुर्चीत बसली आहे.

ती दचकली. उठायला गेली. पण खुर्ची जुन्या ओळखीची होती, पाठीला बरोबर लागली. समोर चिंचेची सावली अंगणात पडली होती, लिगोर रोज बघायचा ती. माणूस इथे बसून गेला, म्हणजे हे बघत गेला, एवढं तिला पहिल्यांदा जाणवलं. तोवर तिने फक्त आपण तिथे नव्हतो एवढंच पाहिलं होतं. मी जागी असते तर काय केलं असतं? तिने स्वतःला विचारलं, आणि पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं. काही नाही. चहा घेऊन थोडी लवकर आले असते.

"प्रभो," ती हळूच म्हणाली, "लिगोर तेव्हाही तुझ्यापाशीच होता ना?"

पुढे तिला आणखी काही सांगायचं होतं. ते राहून गेलं.

पोदेर दुपारच्या पावांची टोपली घेऊन सायकलचा भोंगा वाजवत वळणावर आला, त्याच वेळी सिप्रियानची गाडी फाटकाशी थांबली. बुटांचा खोका काखेत घेऊन फ्लाविया आत शिरली. आईला मागच्या दारी गाठायचं म्हणून ती घराला वळसा घालणार होती, कारण दुपारी आई तिथेच असते. पण जाता जाता तिची नजर बाल्कांवाकडे गेली.

बापाच्या खुर्चीत आई. मान एका बाजूला. हातांत गुंडाळलेली माळ. डोळे मिटलेले.

फ्लावियाची किंकाळी चर्चपर्यंत ऐकू गेली असं लोक अजून सांगतात. बुटांचा खोका पायरीवरून गडगडत खाली आला. सिप्रियान गाडीचं दार उघडं टाकून धावला, आणि धावता धावता रडायला लागला. "मी मारलं तिला! मी मारलं! नाव कोरलं आणि मारलं!" शेजारून सांतान केस मोकळे, एका पायात चप्पल अशी आली. पोदेर भोंगा हातात घेऊन फाटकात थिजला. झोपलेला सगळा वाडा दाराखिडक्यांत जागा झाला.

पिएदादने डोळे उघडले.

"काय झालं?" ती घाबरीघुबरी होऊन म्हणाली. "कोण गेलं?"

सांतानच्या तोंडून शब्द फुटला तो असा, "अगे, तू! तू झोपली होतीस?"

"मी?" पिएदादने स्वतःकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, अंगणातल्या लांब झालेल्या सावलीकडे पाहिलं. ज्या माणसांना आपण इतकी वर्षं जागून धरून ठेवलं ती सगळी समोर उभी होती, रडकी, धापा टाकणारी, पण जिवंत. ती झोपली होती आणि कोणी मेलं नव्हतं. मडगावच्या पुलावर काही झालं नव्हतं. ट्रक आपापल्या रस्त्याने गेले होते. तिच्या चेहऱ्यावर जो धक्का बसलेला दिसला तो सकाळच्या दगडापुढेही दिसला नव्हता.

"झोपले होते," ती म्हणाली. "छान झोप लागली."

सिप्रियान खाली पायरीवर बसला आणि त्याने नव्या शर्टाला नाक पुसलं. सगळे नको नको म्हणत असतानाही पोदेराने पायरीवर दोन पोया, टोपलीतले कोंड्याचे पाव, ठेवल्या, जणू या घरात त्याक्षणी तेवढंच करणं शक्य होतं. फ्लाविया अजून खांबाला धरून रडत होती.

"ये इकडे," पिएदाद म्हणाली. "खांबाला धरून रडू नकोस. हात जोड."

फ्लावियाला कळलंच नाही. "काय?"

"हात जोड म्हणते. बेसांव नको का तुला?"

"आत्ता? मांय, विमान शनिवारी आहे."

"आत्ताच घे. शनिवारपर्यंत माझा काही भरवसा नाही."

"मांय! असं बोलू नकोस!"

"अगे, मरण्याचा नव्हे. आज धीर आलाय, शनिवारपर्यंत टिकेल की नाही सांगता येत नाही. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे." खुर्चीतून न उठताच तिने मुलीला जवळ ओढलं. फ्लाविया गुडघ्यांवर बसली. पिएदादने अंगठ्याने तिच्या कपाळावर क्रूस काढला. क्रूस सरळ आला. "देवाच्या हाती जा," ती म्हणाली, आणि पुढे काही जोडावंसं वाटण्याआधीच आमेन म्हणून मोकळी झाली.

या वेळी अंगणातल्या सगळ्यांनी आमेन म्हटलं. पोदेरानेही, फाटकाकडे जाता जाता.

सिप्रियानने परत कारागिराचा विषय काढला. "कुन्याद, उद्या सकाळी पहिलं काम तेच."

"राहू दे रे," पिएदाद म्हणाली. "घासून कशाला डाग पाडतोस? चांगला दगड आहे."

"आणि नाव?"

"माझंच आहे ना? पुढची जागा देवाची, तो भरेल तेव्हा भरेल. मी तिथे आता लुडबुड करणार नाही." मग ती सांतानकडे वळली. "जन्मसाल मात्र फुलांनी झाकत जाईन."

"झाक, झाक," सांतान म्हणाली. "वाड्याने पाठ केलंय ते."

शनिवारी दाबोळीला सिप्रियान आणि फ्लाविया दोघंच गेले. पिएदाद फाटकापर्यंत आली. तिचे डोळे भरले होते आणि हात पदराच्या गाठीशी खेळत होते. फ्लावियाने गाडीतून मागे वळून पाहिलं तर आई तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. फ्लावियाला वाटलं नेहमीची यादी चालली असेल, विमान, बंदर, जहाज, लाटा. पण सांतान शेजारी उभी होती आणि तिने ऐकलं. पिएदाद फक्त मुलीचं नाव घेत होती. नाव, आणि मग आमेन.

घरात जाताना तिने गॅस बंद आहे का ते पाहिलं. दोनदा पाहिलं, ते अजूनही पाहते. मग जेवली, भांडी घासली, आणि बाहेर येऊन लिगोरच्या खुर्चीत बसली. विमान उडायची वेळ झाली तेव्हा वाड्यावर कोणी जागं नव्हतं, आणि पिएदादही जागी नव्हती.